चौदा पौंड, बारा शिलिंग, दोन पेन्स

फिलाडेल्फियात आर्च स्ट्रीटवर 239 नंबरच्या घराच्या अंगणात एक कबर आहे. तिच्यावर बेट्सी रॉसचं नाव आहे. आत कुणाची हाडं आहेत, हे मात्र खात्रीनं कुणीही सांगू शकत नाही.

बेट्सी 1836 साली वारली. तेव्हा तिला क्वेकर पंथाच्या एका दफनभूमीत पुरलं. वीस वर्षांनी, 1856 मध्ये, तिथून उकरून माउंट मोराया नावाच्या स्मशानात हलवलं. 1975 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याची द्विशताब्दी तोंडावर आली, म्हणून तिला पुन्हा उकरून या घराच्या अंगणात आणायचं ठरलं. माणसं कुदळी-फावडी घेऊन गेली, तिच्या नावाच्या दगडाखाली खणलं. खाली काही नव्हतं. मग त्याच कुटुंबाच्या जागेत दुसरीकडे जी हाडं मिळाली ती तिचीच, असं धरून ती इथं आणली आणि पुरली. लोक तिथं टोप्या काढून उभे राहतात. मीही उभी राहिले होते. हाडांचं हे सगळं नंतर वाचनात आलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्याकडे गेलेल्या आईवडिलांना फिलाडेल्फिया दाखवायचं, हा तिकडचा शिरस्ताच आहे. तडा गेलेली लिबर्टी बेल, जिथं स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला ती इमारत, आणि मग हे बेट्सीचं घर. आर्च स्ट्रीटला लागून साधारण 1740 चं अरुंद, विटांचं घर. जिना असा की एका वेळी एकच माणूस चढेल. खाली शिवणकामाचं दुकान मांडलेलं, त्यात जुन्या वेषातली बाई टेबलाशी बसून कापड दाखवते आणि बोलते. माझी नात आठ वर्षांची. तिला शाळेत ही गोष्ट शिकवलेली होती. घरी परत आल्यावर तिनं कागद घेतला, दुमडला, पुन्हा तिरका दुमडला, आणि कातरीच्या एका फटक्यात पाच टोकांची चांदणी कापून माझ्या हातावर ठेवली. "आजी, बेट्सीनं अशीच कापली होती. जॉर्ज वॉशिंग्टनसमोर."

मी म्हटलं, "बाळा, तसं घडल्याचा कुठंच पुरावा नाही."

मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, राहू दे ना. लहान आहे ती."

या "राहू दे ना" विरुद्धच मला लिहायचं आहे.

गोष्ट अशी. 1776 सालच्या मे-जूनमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन, धनाढ्य व्यापारी रॉबर्ट मॉरिस आणि जॉर्ज रॉस असे तिघे बेट्सीच्या दुकानात आले. जॉर्ज रॉस हा तिच्या मेलेल्या नवऱ्याचा काका. त्यांनी नव्या देशाच्या झेंड्याचं चित्र दाखवलं. त्यात चांदण्या सहा टोकांच्या होत्या. बेट्सी म्हणाली, पाच टोकांची कापायला सोपी, आणि कापून दाखवली. त्यांना ते पटलं, तिनं झेंडा शिवला, अमेरिकेचा पहिला झेंडा.

ही गोष्ट 1776 मध्ये कुणी लिहिली नाही. 1786 मध्ये नाही, 1836 मध्ये ती वारली तेव्हाही नाही. ती पहिल्यांदा जाहीरपणे सांगितली गेली मार्च 1870 मध्ये, पेनसिल्व्हेनियाच्या इतिहास मंडळापुढे. सांगणारा बेट्सीचा नातू विल्यम कॅन्बी. आजी वारली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. जोडीला नात्यातल्या दोन-चार बायकांची शपथपत्रं, तीही त्याच काळात घेतलेली. कॅन्बीनं स्वतः सरकारी कागदपत्रं धुंडाळली होती, त्याला काही मिळालं नव्हतं. त्या उन्हाळ्यात झेंड्यासाठी समिती नेमल्याची काँग्रेसच्या कामकाजात नोंद नाही. झेंड्याचा ठराव झाला तो पुढच्या वर्षी, 14 जून 1777 ला. आणि झेंड्याचं आरेखन आपण केलं असं त्या काळात लेखी म्हणणारा माणूस एकच, फ्रान्सिस हॉपकिन्सन, जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी. त्यानं 1780 मध्ये मोबदला म्हणून सरकारी वाइनचं पाव पिंप मागितलं. सल्ला देणारे तू एकटाच नव्हतास, शिवाय तुला पगार मिळतो, असं सांगून काँग्रेसनं त्याला वाटेला लावलं.

इतकं सगळं माहीत असताना गोष्ट टिकली कशी? कारण ती हवी होती. 1870 म्हणजे यादवी युद्ध संपून पाचच वर्षं झालेली. शताब्दी जवळ आलेली. देशाच्या जन्माच्या चित्रात सगळे पुरुष, आणि एक बाई बसवायची तर ती घरात, सुई हातात, पुरुषांनी दारात येऊन काम सांगितल्यावर मान खाली घालून शिवणारी. त्याच फिलाडेल्फियात 4 जुलै 1876 ला, शताब्दीच्या मुख्य समारंभात, सुझन अँथनी आणि तिच्या सोबतिणी बोलावणं नसताना व्यासपीठावर गेल्या आणि स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा त्यांनी अध्यक्षस्थानी असलेल्या माणसाच्या हातात ठेवला. त्यांना मताचा हक्क मिळायला आणखी 44 वर्षं जावी लागली. शिवणाऱ्या बाईला देशानं लगेच डोक्यावर घेतलं. मागणाऱ्या बाईला ताटकळत ठेवलं. ज्यांना ही गोष्ट निरुपद्रवी वाटते त्यांनी ही दोन सालं शेजारी ठेवून पाहावीत.

पण माझा राग एवढ्यावर संपत नाही. खोट्या गोष्टी सगळ्याच देशांकडे असतात. इथं गोष्टीनं एका खऱ्या बाईला गिळलं आहे, आणि त्या बाईबद्दल आपल्याला पुष्कळ माहीत आहे.

तिचं माहेरचं नाव एलिझाबेथ ग्रिसकम. जन्म 1 जानेवारी 1752. क्वेकर घरातल्या सतरा मुलांपैकी एक. गाद्या, पडदे, खुर्च्यांची आच्छादनं शिवायचं काम ती उमेदवारी करून शिकली. तिथंच जॉन रॉस भेटला. तो दुसऱ्या पंथाचा. 1773 मध्ये दोघांनी पळून जाऊन लग्न केलं आणि तिच्या पंथानं तिला वाळीत टाकलं. दोन-सव्वादोन वर्षांत, 1776 च्या जानेवारीत, जॉन वारला. तिनं तेव्हा नुकतीच चोविशी पूर्ण केली होती. दुसरा नवरा जोझेफ ॲशबर्न खलाशी. इंग्रजांनी त्याला समुद्रात धरलं, प्लिमथच्या तुरुंगात टाकलं, 1782 मध्ये तो तिथंच मेला. त्याच तुरुंगात असलेला जॉन क्लेपूल सुटून आला आणि ॲशबर्न मेल्याची बातमी घेऊन तिच्या दारात उभा राहिला. पुढे तिनं त्याच्याशी लग्न केलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या लग्नातून मिळून सात मुली झाल्या. क्लेपूलही तिच्या आधी वारला. या सगळ्यात दुकान चालू होतं. सुई थांबली नाही.

आणि एक नोंद आहे. 29 मे 1777. पेनसिल्व्हेनियाच्या आरमारी मंडळानं एलिझाबेथ रॉस हिला जहाजांचे झेंडे शिवल्याबद्दल चौदा पौंड, बारा शिलिंग, दोन पेन्स दिले.

हा खरा कागद. यात वॉशिंग्टन नाही, चांदणीचा चमत्कार नाही. बाईनं काम केलं, सरकारनं पैसे मोजले, कारकुनानं शेवटच्या दोन पेन्सपर्यंत लिहून ठेवले. लोकरीच्या कापडावर पट्टे जोडायचे, दोन्ही बाजूंनी कड दुमडून शिवायची, कारण समुद्रावरचा वारा मोकळ्या कडेच्या चार दिवसांत चिंध्या करतो. हे काम एखाद्या दुपारी हौसेनं होत नाही. त्याला खांदे लागतात.

मला हे कसं माहीत, तर माझी आई मिरजेत शिलाई करायची. पायमशीन खिडकीशी, कारण दिवसाचा उजेड फुकट. ब्लाउज, परकर, मुलांच्या चड्ड्या, उशांचे अभ्रे. काजं हातानं. मधल्या बोटाला अंगुस्तान घालून घालून तिथली नखाजवळची कातडी कायमची पांढरी पडलेली. तिची एक लांबट वही होती, लाल पुठ्ठ्याची. त्यात रोजचं लिहिलेलं: कुणाचं काय, किती, पैसे आले की नाहीत. ती गेल्यावर घर आवरताना ती वही सापडली. एका 14 ऑगस्टच्या तारखेला ओळ होती: "शाळा. झेंडा. कड व नाडा. घेतले नाहीत." शाळेचा झेंडा उसवला होता, आईनं रात्री बसून कड शिवून दिली आणि पैसे घेतले नाहीत. मी त्याच शाळेत दुसऱ्या दिवशी झेंड्याला सलामी देत उभी होते. मला ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं नाही.

आता उद्या कुणी येऊन म्हणालं, तुमच्या आईकडे प्रत्यक्ष नेहरू आले होते हो, त्यांनी चित्र दाखवलं आणि तुमच्या आईनं त्यात सुधारणा केली, तर मी त्याला उंबऱ्याच्या बाहेर काढीन. कारण त्या गोष्टीत माझी आई उरतच नाही. तिचं काम मोठ्या माणसानं दारात पाय ठेवला म्हणून मोठं झालेलं नाही. तिची ती ओळ पुरेशी आहे. बेट्सीचीही पुरेशी होती.

आता घराचं. बेट्सी याच घरात राहत होती का, याबद्दलही इतिहासकार शंका घेतात. ती शेजारच्या, पुढे पाडल्या गेलेल्या घरात राहत असावी, असं म्हणणारे आहेत. गोष्ट मात्र 239 नंबरला चिकटली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथं दारूचा गुत्ता होता आणि पहिला झेंडा इथंच शिवला गेला, अशी पाटी लावून तो गिऱ्हाईक ओढत होता. मग आला चार्ल्स वाइसगर्बर नावाचा चित्रकार. त्यानं नऊ फूट बाय बारा फुटांचं तैलचित्र रंगवलं: बेट्सीच्या मांडीवर झेंडा, समोर तिघे पुरुष, खिडकीतून येणारा उजेड. तिचा चेहरा त्यानं तिच्या वंशजांच्या चित्रांवरून जुळवला, कारण बेट्सीचं जिवंतपणीचं एकही चित्र उपलब्ध नाही. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते चित्र गाजलं. 1898 मध्ये घर वाचवण्यासाठी संस्था निघाली. दहा-दहा सेंटची वर्गणी, देणाऱ्याला त्या चित्राची रंगीत छापील प्रत. लाखो लोकांनी, शाळकरी पोरांनी, दहा सेंट दिले. वाइसगर्बर त्याच घरात राहायला गेला. तिथं मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं व्हेक्सिल डोमस. लॅटिनमध्ये झेंड्याचं घर.

अमेरिकेतल्या लाखो मुलांच्या मनात बेट्सीच्या दुकानाचं जे दृश्य आहे, ते त्या छापील प्रतीतून आलेलं आहे. इतिहासातून नव्हे.

आणि 1937 मध्ये घराचा जीर्णोद्धार झाला. पैसा रेडिओ बनवणाऱ्या ॲटवॉटर केंटचा, वास्तुविशारद ब्रोगनार्ड ओकी. पुढचा दरवाजा नवा. मागच्या बाजूला नवं बांधकाम. शहरात पाडल्या जाणाऱ्या जुन्या घरांचं सामान आणून बसवलं. आजूबाजूच्या जागा घेऊन बाग केली. 1941 मध्ये हे सगळं शहराच्या हवाली. म्हणजे घर दुरुस्त झालं ते चित्राला शोभेल असं. शेवटी हाडं आणली, अंदाजानं. घर अंदाजाचं, गोष्ट ऐकीव, चेहरा जुळवलेला, हाडं गृहीत धरलेली. एवढ्या पसाऱ्यात खरं काय होतं? ती आरमाराची नोंद. तिच्यासाठी दहा सेंट गोळा करायला कुणी निघालं नाही.

आता तिथं माणसं जरा सावरून बोलतात, हेही सांगते. परंपरेनुसार, असं मानलं जातं, वगैरे. आणि मार्ला मिलर या इतिहासकार बाईंनी 2010 मध्ये बेट्सीचं सविस्तर चरित्र लिहिलं, त्यात ही कष्टकरी, हिशेबी, हुशार कारागीर बाई पुरी दिसते. कुणाला वाचायचं तर ते वाचावं. पण घराबाहेरच्या दुकानात पाच टोकांची चांदणीच विकली जाते.

या घरापासून दहा मिनिटं चाललं की सहावा रस्ता आणि मार्केट स्ट्रीट यांचा कोपरा लागतो. तिथंही एक घर होतं. वॉशिंग्टन अध्यक्ष असताना त्यात राहत होता, 1790 ते 1797. त्या घरात त्याचे नऊ गुलाम होते. पेनसिल्व्हेनियाचा कायदा असा की बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राज्यात राहिला तर तो मोकळा होऊ शकतो. म्हणून वॉशिंग्टन त्यांना मुदत भरण्याआधी राज्याबाहेर पाठवून परत आणायचा. त्या नऊ जणांत ओना जज नावाची मुलगी होती. मार्था वॉशिंग्टनची खासगी दासी, आणि सुईकामात अतिशय तरबेज. आपल्याला मार्थाच्या नातीला लग्नाचा आहेर म्हणून देणार आहेत हे तिला कळलं. मे 1796 मध्ये एका संध्याकाळी घरातली माणसं जेवायला बसलेली असताना ती दाराबाहेर पडली आणि गेली. वर्तमानपत्रात जाहिरात आली, पकडून देणाऱ्याला दहा डॉलर. ती न्यू हॅम्पशायरला पोचली, वॉशिंग्टननं माणसं पाठवली तरी परतली नाही, आणि 1848 मध्ये मेली तेव्हाही कायद्याच्या लेखी फरार गुलामच होती.

शिवणारी तीही. वॉशिंग्टनशी तिचा संबंध कागदोपत्री सिद्ध. आणि ते घर? 1832 मध्ये पाडलं. उरलेल्या भिंती 1951 मध्ये. त्या जागी पुढे कित्येक वर्षं सार्वजनिक मुतारी होती. 2007 च्या उत्खननात पाया दिसला, लोकांनी भांडून भांडून 2010 च्या डिसेंबरमध्ये तिथं स्मारक उभं केलं, नऊ जणांची नावं दगडात कोरली.

ज्या घरात वॉशिंग्टन आल्याचा पुरावा नाही ते वर्गणी काढून वाचवलं. ज्या घरात तो सहा वर्षांहून जास्त राहिला ते मातीमोल केलं, आणि तिथं खरं काय होतं ते सांगावंच लागलं नाही. "राहू दे ना" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हे आहे. एक गोड गोष्ट जागा अडवून बसते, तेव्हा तिच्याखाली कुणीतरी गाडलेलं असतं.

सगळीकडे असंच घडलं असंही नाही. बाल्टिमोरला मेरी पिकर्सगिलचं घर आहे. 1813 मध्ये फोर्ट मॅकहेन्रीसाठी तिनं तीस फूट बाय बेचाळीस फुटांचा झेंडा शिवला. घरात मावेना म्हणून बिअरच्या भट्टीतल्या मोकळ्या फरशीवर पसरून शिवला. 405 डॉलर 90 सेंट मिळाले, पावती आहे, आणि झेंडा स्वतः वॉशिंग्टन शहरातल्या स्मिथसोनियनमध्ये आहे. मेरीसोबत तिची मुलगी होती, भाच्या होत्या आणि तेरा वर्षांची एक काळी मुलगी, करारानं बांधलेली उमेदवार, ग्रेस विशर. तिचं नाव लोकांसमोर यायला जवळपास दोनशे वर्षं गेली. पण आलं.

आणि आपण? पुण्यात नारायण पेठेत केसरीवाडा आहे, 1905 मध्ये टिळकांनी बडोद्याच्या गायकवाडांकडून घेतलेला. मादाम कामांनी 22 ऑगस्ट 1907 ला श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत फडकवलेला झेंडा तिथं जपलेला आहे. इंदुलाल याज्ञिकांनी तो लपवून देशात आणला. आठ कमळं, देवनागरीत वंदे मातरम्. त्याचं आरेखन कामांचं, सावरकरांचं की हेमचंद्र कानूनगोंचं, यावर आपण हिरिरीनं भांडतो. ती कमळं कापडावर कुणाच्या बोटांनी उतरवली, हे मी आजवर एकाही व्याख्यानात ऐकलेलं नाही. मीही पंचवीस वर्षं इतिहास शिकवला, मीही विचारलं नाही.

आणि आजही झेंडे शिवणाऱ्या बायका आहेत. हुबळीच्या बेंगेरीत, खादी संघाच्या केंद्रात, मानक ब्यूरोच्या कसोटीवर इंचाइंचानं मोजून तिरंगा शिवला जातो, आणि तिथं राबणाऱ्यांत बहुतेक बायकाच. डिसेंबर 2021 मध्ये ध्वजसंहिता बदलली, यंत्रावरच्या पॉलिएस्टर झेंड्यालाही परवानगी मिळाली. त्या केंद्रातल्या लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. आपण पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पॉलिएस्टरचे झेंडे गॅलऱ्यांना बांधत होतो. बेंगेरीतल्या त्या बायकांपैकी एकीचंही नाव आपल्याला माहीत नाही. मग शंभर वर्षांनी कुणी एखादी गोष्ट रचेल, आणि तेव्हाही कुणीतरी म्हणेल, राहू दे.

नातीला मी सगळं सांगितलं. चांदणी तिच्याकडेच राहू दिली. कागदाची चांदणी एका फटक्यात कापली जाते हे खरं आहे, तेवढं तिचं बरोबर. तिनं मला विचारलं, "मग बेट्सीनं काय केलं?" मी म्हटलं, जहाजांचे झेंडे शिवले, पुढे म्हातारी होईपर्यंत शिवत राहिली, तीन नवरे गेले तरी, मुली वाढवल्या. ती म्हणाली, "हे जास्त आहे."

तुम्हीही मुलांकडे जाल, आणि ती तुम्हाला फिलाडेल्फियाला नेतील. आर्च स्ट्रीटच्या त्या घरात जरूर जा. खालच्या दुकानात उभं राहा आणि तिथं असणाऱ्या माणसाला 29 मे 1777 च्या नोंदीबद्दल विचारा. मग पोरांना हाताशी धरून सहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर चालत जा आणि दगडातलं ओनाचं नाव त्यांना मोठ्यानं वाचायला लावा.